टेबल हलवताना

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलमधल्या एका सीनियर मुलीनं मला स्टीव्हन लेव्हीचं 'हॅकर्स' वाचायला दिलं. पुस्तक १९८४ सालचं, माझ्या जन्माच्याही बऱ्याच आधीचं. तोवर हॅकर म्हणजे अंधाऱ्या खोलीत हुडी घालून बसलेला आणि लोकांच्या बँक खात्यांवर डोळा असलेला माणूस, एवढीच माझी समज. पुस्तक उघडलं तर सुरुवातीलाच आगगाडी. तीही खेळण्यातली.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६च्या सुमारास काही विद्यार्थ्यांनी एक क्लब काढला, टेक मॉडेल रेलरोड क्लब. बिल्डिंग २० नावाच्या लाकडी इमारतीत त्यांना एक खोली मिळाली. त्या खोलीत एक अवाढव्य टेबल, आणि टेबलावर वसवलेला एक छोटासा मुलूख. डोंगर, गावं, कारखाने, झाडं आणि या सगळ्यातून वळणं घेत जाणारे रूळ. अशा मांडणीला या छंदातले लोक 'लेआउट' म्हणतात. मीही तोच शब्द वापरते.

लेव्ही सांगतो की क्लबात दोन तट होते. एका तटाला गाड्यांचं प्रेम. ते ब्रश आणि बारीक सुरी घेऊन डबे रंगवत बसायचे, डोंगराला खराखुरा रंग यावा म्हणून झटायचे, रेल्वेची मासिकं वाचायचे. दुसऱ्या तटाला टेबलावर काय चाललंय यात फारसा रस नव्हता. ते टेबलाखाली पाठीवर पडून असत. तिथे तारांचं जंगल होतं, टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेले रिले होते, आणि कुठला रूळ कुणाच्या ताब्यात द्यायचा हे ठरवणारी सगळी यंत्रणा होती. लेव्हीचे नायक हे टेबलाखालचे लोक.

मीही त्याच तटात सामील झाले, हे सांगायला नकोच. एकोणीस वर्षांची होते. वरच्या झाडाझुडपांत रमणारे ते बाळबोध, आणि खालचं डोकं चालवणारे ते आपले, असा हिशोब मी तिथल्या तिथे मांडून टाकला. पुढची सात-आठ वर्षं नोकरीतही तोच हिशोब चालवला.

गेल्या वर्षी हे पुस्तक पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदाच वाटलं, की लेव्हीनं आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली आहे. गोष्टीची सुरुवात टेबलाखाली होते हे खरं. पण ते टेबल पुढे हलवावं लागलं. हलवताना काय झालं, ते पाहिल्याशिवाय वरचे बरोबर की खालचे, याचा निकाल लागत नाही.

शिडी

आधी पुस्तकाच्या बाजूनं. टेबलाखालच्या यंत्रणेचं वर्णन वाचताना आजही माझा श्वास अडकतो. रुळांचे विजेच्या दृष्टीनं वेगळे तुकडे पाडलेले होते. टेलिफोनच्या डायलवर नंबर फिरवला की तो तुकडा तुमच्या ताब्यात येणार. तुमची गाडी पुढच्या तुकड्यात गेली की वीजही तिच्या मागोमाग जाणार. एकाच वेळी अनेक जण वेगवेगळ्या गाड्या चालवतायत आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. १९६२ पर्यंत या कामासाठी सुमारे १२०० रिले लावलेले होते. खोलीत ठिकठिकाणी आणीबाणीची बटणं होती. गाडी कुठे धडकणार असं दिसलं की बटण दाबायचं, सगळं जागच्या जागी थांबायचं आणि भिंतीवरच्या घड्याळात आकड्यांऐवजी 'फू' अशी अक्षरं उमटायची. आज प्रत्येक प्रोग्रॅमर उदाहरणातल्या व्हेरिएबलला डोळे झाकून 'फू' हे नाव देतो. तो शब्द आपल्या धंद्यात रुजवण्यात या खोलीचा मोठा हात आहे.

'हॅक' हा शब्दही आजच्या अर्थानं इथेच घडला. पीटर सॅमसन या सभासदानं १९५९ साली क्लबच्या बोलीचा एक छोटा कोशच तयार केला. मग एमआयटीत टीएक्स-० आणि नंतर पीडीपी-१ हे संगणक आले, टेबलाखालची मंडळी रात्र रात्र त्यांच्याकडे जाऊन बसू लागली. १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला. तिथून पुढे कॅलिफोर्निया, घरगुती कॉम्प्युटर, गेम कंपन्या असं पुस्तक धावत सुटतं.

आणि आगगाडी? ती पहिल्याच स्टेशनावर राहून जाते. लेव्हीच्या रचनेत ते टेबल म्हणजे एक शिडी आहे. माणसं तिच्यावरून चढून संगणकापर्यंत पोचली, शिडीचं काम संपलं. पुस्तकाला ज्या दिशेला जायचं आहे ती पाहता हे समजण्यासारखं आहे. तरी त्यातून एक मूल्यमापन आपोआप आपल्या गळी उतरतं. यंत्रणा महत्त्वाची, देखावा ही सजावट. तर्क महत्त्वाचा, तो ज्यावर चालतो ते गाव नुसतं निमित्त. त्या खोलीत मुली नव्हत्या, हे लेव्ही नोंदवतो. झाडं रंगवणाऱ्या पोरांकडे मात्र तो वळूनही पाहत नाही, आणि हे मला आता जास्त खटकतं.

कारण क्लब तिथे संपला नाही. नायक निघून गेल्यावरही दरवर्षी नवी मुलं येत राहिली, डोंगर रंगवत राहिली, तारा जोडत राहिली. टेबल पन्नास वर्षं चाललं.

बिल्डिंग २०

या इमारतीची कथा मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या संशोधनासाठी १९४३ साली ती घाईघाईनं उभी केली. युद्ध संपलं की पाडायची, या बोलीवर. ती १९९८ पर्यंत उभी होती. तात्पुरती असल्यामुळे तिची कुणाला किंमत नव्हती, आणि किंमत नसल्यामुळे माणसं तिच्यात वाट्टेल ते करू शकत. भिंत पाडा, मजल्याला भोक पाडून तार खाली सोडा, कुणी विचारणार नाही. तिच्या जागी फ्रँक गेरीनं रेखाटलेलं स्टाटा सेंटर २००४ साली उघडलं.

इमारत पाडायची ठरल्यावर क्लबला दुसऱ्या इमारतीत जागा मिळाली. आता प्रश्न टेबलाचा.

मोठा लेआउट हलवणं म्हणजे काय, हे नीट डोळ्यांसमोर आणून बघा. आधी गाड्या काढायच्या. ते सोपं. मग घरं, सिग्नल, झाडं, माणसं. एचओ या मापात, म्हणजे १ ला ८७ या प्रमाणात, माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा असतो. हा गोतावळा बुटांच्या खोक्यांत आणि बबल रॅपमध्ये जातो. मग रूळ. जिथे दोन फळ्या मिळतात तिथे रूळ कापायचे. कापायच्या आधी प्रत्येक तार दोन्ही टोकांना चिठ्ठी लावून सोडवायची. एकाच टोकाला चिठ्ठी लावली तर नव्या घरी ती तार अनाथ. मग डोंगर. जाळीवर प्लास्टर ओतून केलेला डोंगर एका खोलीत जन्माला येतो आणि त्या खोलीच्या दारातून बाहेर पडत नाही. त्याला करवत लावावी लागते. करवत लावली की प्लास्टरला तडे जातात, आणि जिन्याच्या वळणावर उरलेलं काम होतं. शेवटी नवी खोली. ती जुन्या खोलीच्या मापाची कधीच नसते. एखादा खांब मध्ये येतो किंवा दार चुकीच्या भिंतीला असतं, आणि जे वळण तीस वर्षं बरोबर बसत होतं ते भिंतीत घुसतं.

एमआयटीच्या क्लबचा जुना लेआउट बहुतेक हलवता आला नाही. तो मोडला. रिलेवर चालणारी शेवटची यंत्रणा असलेली दोन कपाटं मात्र जपून ठेवली गेली. त्या यंत्रणेला ते 'एआरआरसी' म्हणत. गाड्या चालवणारा स्वयंचलित संगणक, असा त्या आद्याक्षरांचा अर्थ. नव्या खोलीत नवं टेबल उभं राहू लागलं आणि गाड्या मायक्रोकंट्रोलरवर चालवायचं ठरलं. कपाटं बरीच वर्षं त्याच खोलीत पडून राहिली. पुढे ती मेन राज्यातल्या एल्सवर्थ गावी, टेलिफोन एक्स्चेंजच्या छोट्या संग्रहालयात गेली.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ फोन बाजूला ठेवून बसले होते. ज्यांच्याविषयी पुस्तक लिहिलं गेलं त्या टेबलाखालच्या बुद्धीचा शेवटचा अवतार टेलिफोनच्या दुनियेत परत गेला, जिथून ते रिले मुळात आले होते. त्यात काही वाईट नाही, उलट बरंच झालं. पण आता ती कपाटं कुठल्या सांध्याला वळवणार? कुठल्या गाडीसाठी थांबणार? तर्क शाबूत आहे, आणि तो ज्याच्याबद्दल होता ते गाव गेलं.

टेबलाखालच्या तारा टेबलावरच्या मुलखाचाच नकाशा होत्या. इथे चढ आहे म्हणून या तुकड्याला वेगळी वीज, तिथे बोगदा आहे आणि आत गाडी दिसत नाही म्हणून तिथे एक जास्तीचा रिले. वरचं गाव उचललं की खालच्या तारांचा 'का' निघून जातो, 'कसं' तेवढं उरतं. दोन तट ही लेव्हीची विभागणी क्लबातल्या स्वभावांचं वर्णन म्हणून खरी असेल. वस्तूचं वर्णन म्हणून ती चुकते.

एका माणसाचं टेबल

याच्या उलट टोकाला जॉन अ‍ॅलन आहे. पेशानं फोटोग्राफर, मुक्काम कॅलिफोर्नियातलं माँटेरे. त्याच्या लेआउटचं नाव 'गोर अँड डाफेटिड'. नीट उच्चारलं तर इंग्रजीत 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू येतं. हा माणूस दोन्ही तट एकट्यानं चालवत होता. डोंगर जमिनीपासून छतापर्यंत नेले, नव्याकोऱ्या डब्यांवर गंज आणि काजळी चढवली, आणि गाड्या वेळापत्रकानं चालवल्या. मॉडेल खरं दिसायला ते मळलेलं असावं लागतं, ही गोष्ट या छंदाला पटवून देणाऱ्यांत त्याचा वाटा फार मोठा.

त्यानं आयुष्यात तीनदा लेआउट उभा केला. पहिला टेबलाएवढाच होता, आणि तो त्यानं टाकून दिला नाही. नव्या घरात तिसरा, सर्वांत मोठा लेआउट बांधताना त्या पहिल्या तुकड्याला त्यानं एका कोपऱ्यात सामावून घेतलं. वाड्याच्या जागी बंगला बांधताना जुनं देवघर तसंच ठेवावं तसं. हलवण्याची इतकी प्रेमळ तऱ्हा मी दुसरी ऐकली नाही.

६ जानेवारी १९७३ रोजी अ‍ॅलन हृदयविकारानं गेला. लेआउट अजून पुरा झाला नव्हता. त्यानंतर दहा-एक दिवसांत घराला आग लागली आणि जवळजवळ सगळं जळालं. त्याचं पुढे काय करायचं हा प्रश्नच मिटला.

उरले ते फोटो, कारण तो फोटोग्राफर होता. 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी त्याच्यावर लिहिलेलं पुस्तक १९८१ साली निघालं. आणि उरला एक खेळ, 'टाइमसेव्हर'. मोजके रूळ, मोजके सांधे, एक इंजिन आणि काही डबे. प्रत्येक डबा त्याच्या जागी कमीत कमी चालींत पोचवायचा. जागा इतकी कोंदट की एक डबा हलवायला आधी दुसरे तीन हलवावे लागतात. शंटिंगचं हे कोडं आजही जगभरचे लोक बांधतात, प्रोग्रॅमर लोक ते सोडवणारे प्रोग्रॅम लिहितात. माझ्याही हातून एका रविवारी लिहून झाला आहे.

म्हणजे पुन्हा तेच? तर्क टिकला, गाव जळालं? मला आधी तसंच वाटलं होतं. मग त्याचे फोटो पाहत बसले तेव्हा लक्षात आलं, की 'टाइमसेव्हर' उगाच सुचलेला नाही. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं गाव वसवलं आणि त्या गावाला माल पोचवायची जबाबदारी स्वतःवर घेतली, त्याला ती अडचण भेटली, आणि त्या अडचणीचा त्यानं खेळ केला. गावाशिवाय कोडं पडलं नसतं.

जपणं

तिसरी वाट इंग्लंडमध्ये दिसते. जॉन अहर्न या लंडनच्या माणसानं 'मॅडर व्हॅली' नावाची एक काल्पनिक दरी वसवली. बहुतेकांच्या घरी नुसते रूळ गोल गोल फिरत होते त्या काळात, रुळांना गाव हवं आणि गावाला रेल्वेचं कारण हवं, हे त्यानं दाखवून दिलं. १९६१ साली तो वारला. त्याची दरी ऑक्सफर्डशरमधल्या लाँग विटनम गावच्या पेंडन म्युझियमनं सांभाळली. तिथे ती आजही पाहता येते. माणूस गेला, टेबल दुसऱ्या घरी गेलं आणि नांदलं. असं फार थोड्यांच्या नशिबी येतं. त्याची किंमतही आहे. संग्रहालयात गेलेल्या गावात नवं घर उठत नाही. तिथे कुणी रूळ उखडून 'इथे जरा वेगळं करून बघू' म्हणत नाही.

आपल्याकडचं उदाहरण पुण्यात कर्वे रस्त्याजवळ आहे. जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं नाही असं पुण्यातलं पोर विरळा. शाळेच्या सहलीत गेले होते तेव्हा खोलीतले दिवे मालवले, छोट्या शहरात रात्र झाली, खिडक्या उजळल्या आणि आम्ही चाळीस मुली एकदम गप्प झालो. भाऊ जोशी आधी हलवता येण्याजोगा लेआउट घेऊन प्रदर्शनं भरवत. ती ने-आण, जोडाजोड आणि खर्च यांतून शेवटी एकाच जागी कायमचं शहर वसवायचं ठरलं, आणि १९९८ साली संग्रहालय सुरू झालं. एमआयटीची इमारत पडली तेच वर्ष. एक टेबल मोडलं त्याच वर्षी दुसरं टेबल कायमचं बसलं. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण ज्यांनी खरोखर टेबल उचलून गावोगाव नेलं होतं त्यांनी शेवटी ते न हलवायचं ठरवलं, हे मला बोलकं वाटतं.

माझं टेबल

आता मी हे पुस्तक गेल्या वर्षी पुन्हा का उघडलं, ते सांगते.

आमच्या टीमकडे एका मालवाहतूकदाराची बारा वर्षं जुनी सिस्टिम होती. कुठल्या गोदामातून कुठली गाडी कधी सुटणार हे ती ठरवायची. ती जुन्या सर्व्हरवरून उचलून नव्या जागी न्यायची, आणि नेताना नव्यानं लिहायची, असं काम माझ्याकडे आलं. जुनी सिस्टिम मुख्यतः एका माणसानं सांभाळली होती. सगळे त्यांना काका म्हणायचे. ते सहा महिन्यांपूर्वीच निवृत्त झाले होते. जाताना त्यांनी मला त्यांचा नंबर दिला होता. "अगं, काही अडलं तर कर फोन," म्हणाले होते.

काकांचा कोड म्हणजे ते टेबलाखालचं जंगल. मी खाली पाठीवर पडले आणि मजेत तारा कापत सुटले. एका ठिकाणी एक नियम सापडला. एका विशिष्ट गोदामासाठी शनिवारी दुपारनंतरची कुठलीही गाडी सोडायची नाही, सोमवारी सकाळपर्यंत थांबवायची. त्याच्या वर एक ओळीची टीप होती. 'काढू नये.' एवढंच. कारण नाही. गेल्या काही महिन्यांत तो नियम लागू झाल्याचं मला कुठे दिसलंही नाही. नव्या रचनेत असे अपवाद बसत नव्हते. मी तो काढला. रिव्ह्यूमध्ये सगळ्यांनी मान डोलावली. कोड देखणा झाला.

नवी सिस्टिम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक ट्रक त्या गोदामाकडे शनिवारी संध्याकाळी पोचला. गेट बंद. ड्रायव्हर शनिवारची रात्र, रविवारचा दिवस आणि रविवारची रात्र त्या बंद गेटबाहेर ट्रकमध्ये काढून सोमवारी रिकामा झाला. आमच्याकडे हे एका मेलच्या रूपात आलं, त्यात 'डिलिव्हरीला उशीर' असं लिहिलं होतं. दोन रात्रींचा भाग मला नंतर फोनवर कळला, तोही कुणीतरी बोलता बोलता सांगितला म्हणून.

मी काकांना फोन केला. त्यांना आठवायला क्षणही लागला नाही. "तिथे शनिवारी दुपारनंतर हमाल नसतात," ते म्हणाले. "वॉचमनही गेट उघडत नाही. मागे एकदा एक गाडी दोन रात्री बाहेर उभी राहिली होती. तो ड्रायव्हर मला फोन करून रडला होता गं. म्हणून घातलं होतं ते."

मी काहीच बोलले नाही.

"कारण लिहायला हवं होतं मी," काका म्हणाले. "राहून गेलं."

ते असं म्हणाले यानं मला जास्त लाज वाटली. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. 'काढू नये' हे मला दिसलं होतं. मी तारेच्या एका टोकाची चिठ्ठी वाचली आणि दुसऱ्या टोकाला काय आहे हे बघायला टेबलाखालून बाहेर आले नाही. बाहेर एक गेट होतं, एक वॉचमन होता, आणि एक माणूस होता ज्याला घरी जायचं होतं.

त्या रात्री मी 'हॅकर्स' उघडलं. हे पुस्तक मला याच सवयीसाठी आवडलं होतं, हे मान्य करावं लागलं.

स्क्रू कुठल्या बाजूनं

लेव्हीला दोष देऊन मी सुटणार नाही. एक मात्र म्हणेन. आमच्या धंद्यानं त्याच्या पुस्तकातून वारसा म्हणून जे उचललं, ते अपुरं उचललं. 'नव्यानं लिहून टाकू' हे वाक्य आम्ही फार सहज बोलतो. एमआयटीच्या क्लबला नव्यानं लिहिणं परवडलं, कारण त्यांच्याकडे दर पावसाळ्यासारखी दर वर्षी नवी पोरं येत होती आणि जुनी पोरं भेटायला येत होती. टेबल मोडलं तरी बोली, सवयी, गमती माणसांमधून नव्या खोलीत पोचल्या. नव्या लेआउटवर त्यांनी एमआयटीच्या उंच ग्रीन बिल्डिंगचं मॉडेल उभारलं, ज्याच्या उजळणाऱ्या खिडक्यांवर टेट्रिस खेळता येतं. एप्रिल २०१२ मध्ये खऱ्या ग्रीन बिल्डिंगच्या खिडक्यांवरही कुणीतरी टेट्रिस खेळून दाखवलं. क्लब जिवंत असल्याची याहून चांगली खूण मला सुचत नाही. आणि बघा, तो विनोद जमायला टेबलावर एक इमारत लागली. ती कुणीतरी कापली, चिकटवली, रंगवली.

हलवण्याचा विचार आधीच करून बांधायचे मार्गही या छंदानं शोधले आहेत. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात 'एनट्रॅक' नावाची पद्धत निघाली. प्रत्येकानं आपापल्या घरी ठरावीक मापाचा एक तुकडा बांधायचा. त्याच्या कडेला रूळ ठरलेल्या जागीच आले पाहिजेत, आत तुम्ही काश्मीर करा नाहीतर कोकण. मेळाव्यात सगळे तुकडे जोडले की मैलभराची रेल्वे तयार. आम्ही याला एपीआय म्हणू. त्याचीही किंमत आहे. तुकड्याच्या हद्दीपलीकडे जाणारा डोंगर तुम्हाला बांधता येत नाही. अ‍ॅलनच्या दऱ्या अशा तुकड्यांत मावल्या नसत्या.

मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती वेस्टकॉटची युक्ती. अ‍ॅलनवर पुस्तक लिहिणारे तेच संपादक. लेआउटखालच्या लाकडी सांगाड्याची त्यांनी सुचवलेली रचना इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराच्या तुळयांवर उभी असते. तिचा कळीचा मुद्दा साधा आहे. सगळे स्क्रू खालच्या बाजूनं मारायचे. वर डोंगर झाला, रूळ बसले, गाव वसलं, तरी खाली जाऊन आडवी फळी सोडवता येते, सरकवता येते, आणि वर काही मोडत नाही. या माणसानं टेबलाखाली जाताना टेबलावर काय आहे हे डोक्यात ठेवलं होतं. दोन्ही तटांचा समेट एका स्क्रूच्या दिशेत आहे.

शनिवारचा तो नियम मी दुसऱ्याच दिवशी परत घातला. वरची टीप मात्र नव्यानं लिहिली. गोदाम कुठलं, तिथे शनिवारी हमाल कधी जातात, गेट कधी बंद होतं, हा नियम पहिल्यांदा कुणी आणि कशामुळे घातला, मी तो कधी काढला आणि त्यामुळे काय झालं. बदलायचा झाला तर आधी गोदामात कुणाला विचारायचं तेही लिहिलं, नाव न घालता, हुद्दा घालून. माणूस बदलतो, हुद्दा राहतो.

रिव्ह्यूमध्ये एका नव्या मुलानं विचारलं, कोड दोन ओळींचा आणि टीप अकरा ओळींची, थोडी कमी करूया का?

मी म्हटलं, राहू दे.